डेटाबेसमध्ये फाईल टाकणं सोपंय, परत काढताना घाम फुटतो: पोस्टग्रेसमध्ये मोठा बायनरी डेटा ठेवायचा आणि वाचायचा कसा

आधी माझीच फजिती सांगतो. एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो, खातेदाराचा फोटो आणि सहीचा नमुना थेट डेटाबेसमध्ये ठेवलेला, मायएसक्यूएलचं जुनं व्हर्जन आणि कॉलमचा टाइप साधा ब्लॉब, म्हणजे बायनरी डेटा ठेवायचा खाना. वर्षभर सगळं छान चाललं. मग शाखेत नवीन फोन आला, कॅमेरा चांगला, फोटो मोठे, आणि काउंटरवरून फोन यायला लागले की साहेब खातेदाराचं कपाळ दिसतंय, डोळे दिसतायत, नाकाखाली सगळं करडं. मी म्हटलं नेटचा प्रॉब्लेम असेल, रिफ्रेश करा. दोन दिवस लोकांना रिफ्रेश करायला लावलं आणि तिसऱ्या दिवशी कळलं की साध्या ब्लॉबमध्ये जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट मावतात, त्यापुढचं त्या सर्व्हरनं गुपचूप कापून टाकलं होतं. एरर नाही, फक्त वॉर्निंग, आणि वॉर्निंग आमचा कोड वाचतच नव्हता. म्हणजे फोटो अर्धा दिसत नव्हता, तो अर्धाच होता.

तेव्हापासून एक सवय लागली. फाईल आत टाकायचा कोड लिहायच्या आधी ती बाहेर कशी काढणार, किती वेळा काढणार, कोण काढणार आणि शेवटी पुसणार कशी हे लिहून काढायचं. टाकणं एका ओळीचं काम आहे हो, कुणीही करतं. खाली सगळं पोस्टग्रेस (मायएसक्यूएलसारखाच दुसरा डेटाबेस) धरून सांगतोय कारण नंतर मी तिकडेच गेलो, शेवटी मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटचं थोडक्यात आहे. फंक्शनची नावं मी इथे मराठीत लिहिलीत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग.

आधी आकडेमोड, मग टेबल

कागद घ्या आणि फाईली मोजा. आमचं उदाहरण देतो: ४० हजार खातेदार, प्रत्येकाचा फोटो आणि सही मिळून साधारण ८० केबी, म्हणजे झाले ३.२ जीबी. कर्जाची प्रकरणं ६ हजार, प्रत्येकात ८ कागद, एक स्कॅन ५०० केबीचा, म्हणजे ४८ हजार फाईली आणि २४ जीबी. बाकीचा सगळा हिशोब, खाती, व्यवहार, व्याज, हे मिळून ५ जीबीसुद्धा नव्हतं. म्हणजे डेटाबेसचा बहुतेक भाग फाईलींचाच होणार, आणि रोजचा बॅकअपही त्यांचाच होणार, हे आधीच दिसलं पाहिजे.

मग प्रश्न येतो की फाईल डेटाबेसमध्ये ठेवायचीच कशाला, फोल्डरमध्ये ठेवून नुसता पाथ ठेवला तर? यावर भांडणं खूप होतात. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी, त्यात डेटाबेसमधले नावाजलेले संशोधक जिम ग्रे पण होते, २००६ मध्ये हे मोजून बघितलं होतं, आणि त्यांचा निष्कर्ष असा की २५६ केबीपेक्षा लहान असेल तर डेटाबेस बरा, १ एमबीपेक्षा मोठं असेल तर फाईलसिस्टिम बरी, मधलं तुमच्या वापरावर. ते एसक्यूएल सर्व्हरवर होतं आणि तेव्हाच्या डिस्कवर, त्यामुळे आकडा घोकू नका, पण अंदाज म्हणून आजही चालतो. एसक्यूलाइटवाल्यांनी पण १० केबीच्या आसपासचे ब्लॉब मोजले तर सुट्या फाईलींपेक्षा डेटाबेसमधून वाचणं ३५ टक्क्यांच्या आसपास जलद निघालं, कारण प्रत्येक फाईल उघडायची-बंद करायची झंझट वाचते.

माझं मत विचाराल तर स्पीड हा मुद्दाच दुय्यम आहे. खरा मुद्दा असा की खातं आणि त्याची सही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जातात का, म्हणजे गेली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. फोल्डरमध्ये ठेवलं की कधीतरी ओळ असते पण फाईल नसते, नाहीतर फाईल असते आणि ओळ नसते, बॅकअप डेटाबेसचा रात्री दोनचा आणि फोल्डरचा पहाटे चारचा. सही, फोटो, केवायसी असल्या गोष्टींना हे परवडत नाही. उलट ट्रेनिंगचे व्हिडिओ, सीसीटीव्हीचं फुटेज असलं काही असेल तर कृपा करून डेटाबेसमध्ये कोंबू नका. कारण डेटाबेसमध्ये जे जे लिहिता ते आधी वॉल नावाच्या लॉगमध्ये लिहिलं जातं, मग टेबलमध्ये, मग रेप्लिका (दुसऱ्या सर्व्हरवरची जिवंत नक्कल) असेल तर तिकडे, मग बॅकअपमध्ये. एक एमबी लिहिला की तो चार ठिकाणी फिरून येतो.

बायटीए की लार्ज ऑब्जेक्ट

पोस्टग्रेसमध्ये ब्लॉब नावाचा टाइपच नाही, त्यामुळे मायएसक्यूएलवरून आलेला माणूस पहिल्याच दिवशी गडबडतो. इथे दोन रस्ते आहेत. एक बायटीए, हा साधा कॉलम टाइप, एका खान्यात जास्तीत जास्त १ जीबी. दुसरा लार्ज ऑब्जेक्ट, यात फाईल वेगळ्याच सिस्टिम टेबलमध्ये जाते आणि तुमच्या टेबलमध्ये फक्त तिचा नंबर, ओआयडी, राहतो. व्हर्जन ९.३ पासून एक लार्ज ऑब्जेक्ट ४ टीबीपर्यंत जातो, त्याआधी २ जीबी होता.

बायटीए आतून कसा राहतो हे समजलं की पुढचं निम्मं डोकं खाणं वाचतं. पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं, आणि एक ओळ दोन पानांवर पसरू शकत नाही. मग ५०० केबीचा स्कॅन मावतो कसा? ओळ साधारण २ केबीच्या वर गेली की पोस्टग्रेस मोठी व्हॅल्यू आधी कॉम्प्रेस करून बघतं, तरी मावत नसेल तर तिचे जवळपास २,००० बाइटचे तुकडे करून बाजूच्या एका लपलेल्या टेबलमध्ये टाकतं. याला टोस्ट म्हणतात. मूळ ओळीत फक्त चिठ्ठी राहते की बाबा माल गोडाउनमध्ये आहे. ५०० केबीचे झाले अडीचशेच्या वर तुकडे. तुम्ही तो कॉलम मागितलाच नाही तर गोडाउन उघडलंच जात नाही, आणि दुसरा एखादा कॉलम अपडेट केला तर तुकडे परत लिहिले जात नाहीत. हे दोन्ही फायदे फार मोठे आहेत.

साधा नियम: काही एमबीपर्यंतच्या फाईली असतील आणि त्या अख्ख्याच वाचायच्या असतील तर डोळे झाकून बायटीए. शंभरेक एमबीच्या पुढे असेल, किंवा फाईलच्या मधोमध जाऊन लिहायचं-वाचायचं असेल तर लार्ज ऑब्जेक्ट, पण तिथेही आधी विचारा की ही फाईल इथे हवीच का.

आणि हो, बायटीए १ जीबीपर्यंत जातो असं कागदावर असलं तरी ५०० एमबीच्या आसपासच गाडी अडकते. कारण टेक्स्ट स्वरूपात बाहेर काढताना प्रत्येक बाइटची दोन हेक्स अक्षरं (० ते ९, ए ते एफ) होतात, म्हणजे आकार दुप्पट, आणि तो दुप्पट आकार १ जीबीच्या मेमरी मर्यादेला धडकतो. पीजी-डम्प, म्हणजे पोस्टग्रेसचं बॅकअपचं टूल, पण तिथेच मरतं. म्हणजे डेटा आत गेलाय, दिसतोय, पण बॅकअप होत नाहीये. यापेक्षा वाईट अवस्था नाही.

टेबल दोन करा

एक माहितीचं टेबल: आयडी, खाते क्रमांक, फाईलचं मूळ नाव, माइम टाइप (फाईल कसली आहे ते), आकार बाइटमध्ये, शा-२५६ हॅश (फाईलच्या बाइटवरून काढलेला ठसा, एक बाइट बदलला तरी बदलतो), कधी चढवली, कुणी चढवली. दुसरं टेबल फक्त दोन कॉलमचं: तोच आयडी आणि बायटीए डेटा. दुसऱ्याचा आयडी पहिल्याकडे फॉरेन की, ऑन डिलीट कॅस्केड लावून, म्हणजे पहिल्यातली ओळ पुसली की दुसऱ्यातली आपोआप जाते.

आता कुणी म्हणेल टोस्ट आहे ना, कॉलम मागितला नाही तर वाचला जात नाही, मग दोन टेबल कशाला? बरोबर आहे, पण कॉलम मागणारे तुम्ही नसता, ओआरएम असतं, म्हणजे तुमच्या वतीनं एसक्यूएल लिहिणारी लायब्ररी. जँगो, हायबरनेट, कुठलंही घ्या, न सांगता सगळे कॉलम आणतात, आणि टीममधला नवीन मुलगा सिलेक्ट स्टार मारतोच मारतो. पन्नास कागदांची यादी दाखवायला २५ एमबी ओढले जातात आणि मग सर्व्हर स्लो आहे म्हणून रॅम वाढवायच्या मीटिंगा होतात. टेबलच वेगळं असेल तर चूक करायला मुद्दाम जॉइन लिहावा लागतो.

टेबल बनवल्या बनवल्या, एकही ओळ टाकायच्या आधी, डेटा कॉलमचं स्टोरेज एक्सटर्नल करा. ऑल्टर टेबल, ऑल्टर कॉलम, सेट स्टोरेज एक्सटर्नल, एवढंच. डिफॉल्ट एक्सटेंडेड असतं, म्हणजे आधी कॉम्प्रेस करायचा प्रयत्न. जेपेग, बहुतेक पीडीएफ, झिप हे आधीच दाबून बसवलेले असतात, त्यांना परत दाबायला जाणं म्हणजे पिळलेल्या उसाचा परत रस काढणं, नुसता सीपीयू जातो. एक्सटर्नलचा दुसरा फायदा वाचताना कळेल, मधला तुकडा हवा असेल तर तेवढेच तुकडे गोडाउनमधून येतात. हा बदल फक्त पुढे येणाऱ्या ओळींना लागू होतो, जुन्या तशाच राहतात, म्हणून आधी करा म्हटलं. तुमच्या फाईली साध्या टेक्स्टच्या किंवा कच्च्या बिटमॅपच्या असतील तर मात्र एक्सटेंडेडच राहू द्या, व्हर्जन १४ पासून एलझी-४ कॉम्प्रेशन पण मिळतं आणि ते जुन्यापेक्षा बरंच चपळ आहे.

आणि एक चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे डेटाबेसनंच पाळायचा नियम, टाका, ऑक्टेट-लेंथ (बाइटमधली लांबी) २०,९७१,५२० पेक्षा जास्त नको, म्हणजे २० एमबी. ॲपमध्ये लिमिट असतंच, पण ॲप उद्या बदलेल, कन्स्ट्रेंट राहील.

टाकताना

पहिली गोष्ट, एसक्यूएलच्या स्ट्रिंगमध्ये फाईल जोडून क्वेरी बनवू नका. सिक्युरिटी सोडा, ती क्वेरी चालणारच नाही धड, कारण बायनरी डेटात किंमत शून्य असलेले बाइट असतात, कोट असतात, बॅकस्लॅश असतात. पॅरामीटर बाइंड करा, म्हणजे क्वेरीत जागा सोडा आणि डेटा वेगळा द्या. पायथनमध्ये फाईल आरबी मोडमध्ये उघडायची, वाचून आलेले बाइट्स तसेच पॅरामीटर म्हणून द्यायचे, सायकोपीजी (पायथनचा पोस्टग्रेस ड्रायव्हर) बाकीचं बघतं. जावात प्रिपेअर्ड स्टेटमेंटला सेट-बाइट्स किंवा सेट-बायनरी-स्ट्रीम. पीएचपीत पीडीओ असेल तर बाइंड करताना टाइप पॅरॅम-लॉब सांगायचा, विसरलात तर तो टेक्स्ट समजून पाठवतो आणि यूटीएफ-८ च्या नावानं एरर येतो.

ज्यांची फाईल डेटाबेसपर्यंत पोचतच नाही त्यांनी आधी मधले दरवाजे बघा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये रिक्वेस्टच्या बॉडीची डिफॉल्ट मर्यादा १ एमबी आहे, त्यापुढे ४१३ एरर. पीएचपीत एका अपलोडची मर्यादा डिफॉल्ट २ एमबी आणि पूर्ण पोस्टची ८ एमबी. मी एकदा अर्धा दिवस पोस्टग्रेसच्या सेटिंग बदलत बसलो होतो आणि फाईल दारातूनच परत जात होती.

आता खरं महत्त्वाचं. फाईल पाठवायच्या आधी ॲपमध्ये तिचा शा-२५६ काढा आणि माहितीच्या टेबलमध्ये टाका. डेटा इन्सर्ट करा. मग त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये डेटाबेसला विचारा की तुझ्याकडे जे पोचलंय त्याचा शा-२५६ किती आणि ऑक्टेट-लेंथ किती. व्हर्जन ११ पासून पोस्टग्रेसमध्ये शा-२५६ फंक्शन आतच आहे, एनकोड करून हेक्समध्ये घ्या. दोन्ही जुळले तर कमिट (कायम करा), नाहीतर रोलबॅक (मागे फिरवा) आणि युजरला सरळ सांगा की फाईल नीट चढली नाही. थोडा वेळ जास्त जातो, जाऊ द्या. माझ्या त्या अर्ध्या फोटोंच्या वेळी एवढी एक तपासणी असती तर पहिल्याच फोटोला कळलं असतं.

अजून एक सवय: फाईल बदलायची झाली तर जुन्या ओळीवर अपडेट मारू नका, नवी ओळ टाका आणि माहितीच्या टेबलमध्ये चालू कोणती ते दाखवा. सही बदलली तरी जुन्या चेकसाठी जुनी सही लागतेच. आणि वाचताना तुकड्या-तुकड्यानं वाचायचं असेल तर मधेच डेटा बदलला जाणार नाही याची खात्री राहते.

वाचताना, म्हणजे खरं काम

यादी दाखवायची असेल तर फक्त माहितीचं टेबल. डेटाला हात नाही. एकच फाईल हवी असेल तर आयडी देऊन एकच ओळ. ५०० केबीचा स्कॅन असेल तर अख्खा आणा, तुकडे करत बसू नका, उगाच शहाणपणा.

पण एक्सपोर्ट करताना लोक मरतात. सगळ्या फाईली फोल्डरमध्ये काढायच्या म्हणून सरळ सगळ्या ओळी सिलेक्ट आणि फेच-ऑल. २४ जीबी प्रोग्रामच्या मेमरीत यायला निघतात. जावाचा पोस्टग्रेस ड्रायव्हर तर डिफॉल्टनं सगळा रिझल्ट मेमरीत घेतो, फेच-साइज दिलं तरी ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी लगेच कायम करणं) बंद नसेल तर ते चालत नाही, यात भलेभले फसतात. सायकोपीजीत नाव दिलेला कर्सर वापरा, तो सर्व्हर साइडला राहतो आणि ओळी थोड्या थोड्या देतो. त्याहून सोपं म्हणजे आधी फक्त आयडी आणा आणि मग लूपमध्ये एकेक फाईल, डोक्याला शॉट नाही.

२० एमबीचा पीडीएफ वीस लोक एकदम बघत असतील तर तुकड्यानं वाचा. सबस्ट्रिंग फंक्शन बायटीएवर चालतं: डेटा, कुठून, किती. मी २५६ केबीचा, म्हणजे २६२,१४४ बाइटचा तुकडा घेतो, तो ब्राउझरकडे लिहितो, पुढचा घेतो. स्टोरेज एक्सटर्नल केलंय म्हणून प्रत्येक वेळी गोडाउनमधून १३० च्या आसपास तुकडेच येतात, अख्खी फाईल नाही. एक खड्डा लक्षात ठेवा, सबस्ट्रिंग १ पासून मोजतं. ० पासून मागितलं तर एरर येत नाही, एक बाइट कमी येतो. म्हणजे पहिल्या तुकड्यात एक बाइट कमी आणि तुम्ही पुढचा तुकडा तुमच्या हिशोबानं मागता, फाईल तुटली. थांबायचं कधी ते माहितीच्या टेबलमधल्या आकारावरून ठरवा.

भाषेप्रमाणे हातात काय येतं तेही बघा. सायकोपीजी-२ मध्ये मेमरीव्ह्यू येतो, तो बाइट्समध्ये बदलून लिहा. पीडीओत पोस्टग्रेसचा बायटीए स्ट्रीम म्हणून येतो, सरळ एको केला तर स्क्रीनवर रिसोर्स आयडी आणि एक नंबर छापून येतो आणि माणूस डोकं धरून बसतो, स्ट्रीममधून वाचावं लागतं. जुन्या पीजी-क्वेरीवाल्या पद्धतीत हेक्स स्ट्रिंग येते, ती अनएस्केप करावी लागते.

फाईल उघडत नाहीये, आता?

सगळ्यात आधी आकार बघा. मूळ फाईलचा आकार आणि बाहेर आलेल्या फाईलचा. नव्वद टक्के वेळा तिथेच कळतं, माझा अनुभव.

बरोबर दुप्पट आणि वर दोन बाइट? तर हेक्स टेक्स्टच फाईलमध्ये लिहिलंय. ते दोन बाइट म्हणजे सुरुवातीचे बॅकस्लॅश आणि एक्स. नोटपॅडमध्ये उघडून बघा, त्या दोघांपुढे २५५०४४४६ दिसलं तर ती पीडीएफ आहे, एफएफडी८ दिसलं तर जेपेग. डेटा शाबूत आहे, फक्त उलटा फिरवायचा राहिला.

एक तृतीयांशानं मोठी? कुणीतरी बेस-६४, म्हणजे बायनरीचं साध्या अक्षरांतलं रूप, करून ठेवलंय. हे फ्रंटएंडवाले करतात, सुरुवातीला डेटा कोलन वगैरे पण चिकटलेलं असतं. बायटीएमध्ये बेस-६४ ठेवणं म्हणजे गोणीत गोणी, डीकोड करूनच ठेवा.

अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर मोठी? विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये लिहिलीय, प्रत्येक ०ए बाइटच्या आधी ०डी घुसलाय. दाबलेल्या फाईलमध्ये साधारण २५६ बाइटमागे एक ०ए असतो, म्हणून फरक ०.४ टक्क्याच्या जवळ येतो.

दोन-चार बाइटच मोठी, आणि ते सुरुवातीलाच? तुमच्या स्क्रिप्टनं फाईलच्या आधी एखादी रिकामी ओळ किंवा बॉम (एन्कोडिंगची खूण म्हणून सुरुवातीला येणारे बाइट) पाठवलाय. पीएचपीवाल्यांचा जुना पाहुणा.

बरीच मोठी आणि आत जागोजागी ईएफ बीएफ बीडी दिसतंय? मग वाईट बातमी. कुणीतरी बायनरीला यूटीएफ-८ टेक्स्ट समजून फिरवलंय आणि जे बाइट समजले नाहीत तिथे ते प्रश्नचिन्हवालं कॅरेक्टर बसवलंय. मूळ बाइट गेले, परत येत नाहीत, कागद परत स्कॅन करा.

आणि आकार नेमका ६५,५३५? या, बसा, चहा घ्या, आपण एकाच गावचे.

लार्ज ऑब्जेक्ट वापरायचंच असेल तर

यात फाईल २ केबीच्या पानांमध्ये मोडून सगळ्यांची एकाच सिस्टिम टेबलमध्ये जाते. वापर फाईलसारखा: उघडा, सीक करा, वाचा, लिहा, बंद करा. पण उघडलेलं हँडल फक्त त्या ट्रान्झॅक्शनपुरतं जिवंत असतं. ऑटोकमिट चालू असेल तर उघडायची क्वेरी संपली की ट्रान्झॅक्शन संपलं, आणि पुढच्या ओळीत वाचायला गेलात की इनव्हॅलिड लार्ज-ऑब्जेक्ट डिस्क्रिप्टर, ०. हा एरर दिसला की बाकी काही शोधू नका, बिगिन टाकायचं राहिलंय. उघड-बंद नको असेल तर ९.४ पासून एलओ-गेट आहे, नंबर, कुठून आणि किती सांगितलं की बायटीए हातात. इथे मात्र मोजणी ० पासून. हो, सबस्ट्रिंग १ पासून आणि हे ० पासून.

इम्पोर्टचे पण दोन प्रकार आहेत. पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसचं कमांड टूल) बॅकस्लॅश लावून एलओ-इम्पोर्ट दिलं तर फाईल तुमच्या मशिनवरची घेतो, सिलेक्टमधून एलओ-इम्पोर्ट फंक्शन बोलावलं तर सर्व्हरच्या डिस्कवर शोधतो. फाईल समोर दिसतेय तरी सापडत नाही म्हणतो, त्याचं कारण हे.

आता पुसायची गोष्ट, इथेच सगळे आपटतात. तुमच्या टेबलमधली ओळ डिलीट केली तर फक्त नंबर जातो, फाईल तिथेच पडून राहते, मालक नसलेल्या गाईसारखी. एलओ-अनलिंक वेगळं बोलवावं लागतं. एलओ नावाचं एक्स्टेंशन आहे, त्यातला एलओ-मॅनेज ट्रिगर लावला की ओळ डिलीट किंवा अपडेट झाली की तो जुनी फाईल काढतो. पण ट्रंकेट किंवा ड्रॉप टेबल केलं तर ट्रिगर चालतच नाही, सगळं मागे राहतं. ते झाडायला व्हॅक्यूम-एलओ नावाचं वेगळं टूल, आधी डॅश एन देऊन कोरडं चालवून बघा किती निघतंय ते.

आणि हे ठळक वाचा: व्हॅक्यूम-एलओ फक्त ओआयडी किंवा एलओ टाइपच्या कॉलममध्ये नंबर शोधतं. तुम्ही तो नंबर बिगइंट कॉलममध्ये ठेवला असेल तर त्याच्या मते त्या सगळ्या फाईली बेवारस, आणि तो सगळ्या उडवेल. खरोखरच्या चालू फाईली. हायबरनेटमध्ये बाइट ॲरेवर लॉब ॲनोटेशन लावलं की तुम्हाला न विचारता लार्ज ऑब्जेक्टच बनू शकतो, तेव्हा तुमच्या टेबलमध्ये काय आहे ते एकदा बघून घ्या.

वर लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये (टेबलातले बदल दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवणं) लार्ज ऑब्जेक्ट जात नाहीत. म्हणूनच मी शक्यतो बायटीए म्हणतो.

बॅकअप आणि जागा

अख्ख्या डेटाबेसचा पीजी-डम्प घेतला तर लार्ज ऑब्जेक्ट आपोआप येतात, पण डॅश टी देऊन एकच टेबल काढलं तर नाही येत, डॅश बी वेगळं द्यावं लागतं. बायटीए टेबलबरोबरच येतो, मात्र डम्पमध्ये हेक्स म्हणून दुप्पट लिहिला जातो, त्यामुळे साधा टेक्स्ट डम्प घेऊ नका, कस्टम फॉरमॅट घ्या, तो कॉम्प्रेस करतो. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशिनवर रिस्टोअर करून प्रत्येक फाईलचा शा-२५६ काढून माहितीच्या टेबलशी जुळवा, एक जॉइन आहे, रात्रभर चालू द्या.

टेबलचा आकार बघताना पीजी-रिलेशन-साइज बघू नका, त्यात टोस्ट धरत नाही, २४ जीबीचं टेबल काही एमबीचं दिसेल आणि तुम्ही खुश व्हाल. पीजी-टोटल-रिलेशन-साइज बघा. आणि ओळी डिलीट केल्या तर डिस्क लगेच रिकामी होत नाही, ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेसची आपोआप चालणारी साफसफाई) ती जागा नव्या फाईलींसाठी मोकळी करतो, ऑपरेटिंग सिस्टिमला सहसा परत देत नाही. परत हवीच असेल तर व्हॅक्यूम फुल, पण तो टेबलला पूर्ण कुलूप लावतो आणि नवी कॉपी बनवायला तेवढी मोकळी जागा मागतो. म्हणजे डिस्क भरल्यावर तो चालवायचा तर चालत नाही. डिस्क ७० टक्के झाली की हालचाल करा.

मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटवाल्यांसाठी

मायएसक्यूएलमध्ये टायनीब्लॉब २५५ बाइट, ब्लॉब ६५,५३५, मीडियमब्लॉब १६ एमबी, लाँगब्लॉब ४ जीबी. शंका असेल तर मीडियमब्लॉब घ्या. स्ट्रिक्ट मोड (न मावणारा डेटा कापण्याऐवजी एरर देणारा) चालू आहे ना ते बघा, ५.७ पासून डिफॉल्ट चालू असतो पण कुणीतरी जुना कोड चालावा म्हणून बंद करून ठेवलेला असतो. मॅक्स-अलाउड-पॅकेट (एका दमात पाठवता येणाऱ्या डेटाची मर्यादा) ८.० मध्ये सर्व्हरला ६४ एमबी आहे आणि जास्तीत जास्त १ जीबी होतं, त्यामुळे लाँगब्लॉबचे ४ जीबी एका दमात जात नाहीत.

एसक्यूलाइटमध्ये एका ब्लॉबची डिफॉल्ट मर्यादा १०० कोटी बाइट. मोबाइल ॲपमध्ये थंबनेल ठेवायला अगदी मस्त. पायथन ३.११ पासून ब्लॉब-ओपन आलंय, त्यानं फाईलसारखं तुकड्यानं वाचता-लिहिता येतं, फक्त आकार बदलता येत नाही म्हणून आधी झिरोब्लॉबनं जागा धरून ठेवायची.

त्या पतसंस्थेचं काय झालं? जुन्या टेबलमधून ज्यांची लांबी बरोबर ६५,५३५ आहे अशा ओळी काढल्या, दोनशेच्या वर खातेदार निघाले, यादी शाखाप्रमाणे छापली आणि शिपाईकाकांच्या हातात दिली. पुढचे दोन महिने जो जो भरणा करायला येईल त्याला काउंटरवर थांबवून परत फोटो काढला. एक आजोबा म्हणाले, गेल्या वर्षी काढला होता की, तो काय झाला? काका म्हणाले, अर्धा आहे, उरलेला काढायचाय.